खोक्याचं भाडं

"एकदा सगळे कागद स्कॅन करून दिलेत ना? मग त्यांच्या खोक्यांचं दर महिन्याला भाडं कसलं घेता?" पतसंस्थेच्या संचालकांपासून लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यापर्यंत सगळे मला हे विचारतात. विचारताना चेहऱ्यावर थोडं हसू असतं, म्हणजे बरा गंडवतोस लोकांना, असं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

चिपळुणात माझं गोडाऊन आहे. पतसंस्था, दोन दवाखाने, चार-पाच सीए, एक काजूचा कारखाना यांचे जुने कागद आम्ही ठेवतो, मागतील तेव्हा काढून देतो आणि मुदत संपली की नष्ट करतो. पंधरा बाय बारा बाय दहा इंचाचं खोकं. त्यात अडीच हजार कागद मावतात आणि एकट्या माणसाला ते उचलवतं. त्याचं भाडं महिन्याला दहा रुपये, वर्षाचे एकशेवीस. तेच खोकं स्कॅन करायचं तर पानाला पंचाहत्तर पैसे धरून एक हजार आठशे पंचाहत्तर रुपये होतात. म्हणजे स्कॅनिंगच्या पैशात ते खोकं पंधरा वर्षं माझ्याकडे आरामात पडून राहील.

आता जीएसटीची बिलं घ्या. वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून बहात्तर महिने ती ठेवावी लागतात. 2023-24 ची बिलं 31 डिसेंबर 2030 पर्यंत. तोवरचं भाडं होतं आठशे दहा रुपये. सात वर्षांत कोणी उघडून बघेल न बघेल अशा खोक्यावर त्याच्या दुपटीहून जास्त खर्च करून स्कॅन कशाला करायचं? हे मी गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा त्याला वाटतं, याला काम नकोय. स्कॅन करावं ते वारंवार लागणारं: गहाणखतं, खातेदारांचे अर्ज, सभांची इतिवृत्तं. आणि गहाणखत स्कॅन केलं म्हणून मूळ प्रत रद्दीत घालायची नसते. वसुलीचा दावा कोर्टात उभा राहिला की वकील पहिल्यांदा तीच मागतात.

पहिल्या वर्षी मला यातलं काही कळत नव्हतं. पानाला पन्नास पैसे दराने एका संस्थेचं सगळं दप्तर स्कॅन करून दिलं, फायलींना नावं दिली 0001, 0002 अशी, आणि बिल लावलं. चार महिन्यांनी व्यवस्थापकांचा फोन, "भाऊ, ते दत्ताराम गोपाळचं गहाणखत काढा बघू." काढा म्हणजे काय, चाळीस हजार पानं डोळ्यांनी बघायची. चार दिवस आम्ही दोघं बसलो. सापडलं, पण आजोबांचं. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. दत्तारामाचा गोपाळ, गोपाळाचा दत्ताराम, आडनाव तेच, वाडी तीच, सातबारावर बावीस हिस्सेदार आणि त्यात दोघंही. नातवाचं गहाणखत पाचव्या दिवशी मिळालं. त्या पाच दिवसांचे पैसे मी मागितले नाहीत, तोंडच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही आधी नोंद करतो, मग बाकीचं. नाव, वाडी, खाते क्रमांक, कर्जाची तारीख, जमिनीचा गट क्रमांक आणि ठेवायची मुदत. एका खोक्याची अशी यादी करायला कामावरच्या मुलीला अर्धा दिवस लागतो. खर्च तिथे आहे, आणि गिऱ्हाइकाला नेमका तोच दिसत नाही. त्याला रॅक दिसतात आणि खोकी दिसतात, म्हणून तो खोक्याचे पैसे देतो. यादीचे वेगळे पैसे मागून बघितले होते. "यादी तर आमचा शिपाईपण करील," असं उत्तर आलं.

सरकारी कचेऱ्यांत ही अक्कल फार जुनी आहे. अ वर्ग कायम, ब तीस वर्षं, क दहा, ड एक वर्ष. दप्तराचे सहा गठ्ठे करायच्या त्यांच्या सहा गठ्ठा पद्धतीत तर नष्ट करायच्या कागदांचा गठ्ठाच वेगळा असतो. प्रत्यक्षात तो किती कचेऱ्यांत हलतो, ते सोडा. माझ्या धंद्यातली जगात सगळ्यात मोठी कंपनी आयर्न माउंटन. ती 1951 मध्ये अमेरिकेत हर्मन नॉस्ट नावाच्या अळंब्यांच्या व्यापाऱ्याने सुरू केली. अळंब्यांसाठी लोखंडाची जुनी खाण घेतली होती, तिच्यात लोकांचे कागद ठेवायला लागला. अळंब्यांना ओल लागते आणि कागदाला ती मारते, म्हणून हे ऐकलं की मला गंमत वाटते. आमच्याकडे अळंब्यांना खाण लागत नाही. जूनमध्ये खोकं भिंतीला टेकवून ठेवा, गौरीपर्यंत उगवतील.

भाड्यातला मोठा वाटा या ओलीशी भांडण्यात जातो. पासष्ट टक्क्यांच्या वर दमटपणा राहिला की बुरशी धरते, आणि आमच्याकडे चार महिने तो खाली येतच नाही. पंखे, ओल शोषणारी यंत्रं, वाळवीची आणि कागद खाणाऱ्या कसरीची फवारणी. विजेचं बिल बघून बायको म्हणते, कागदांना ठेवलंय का माणसांना?

आणि मग 22 जुलै 2021 चा पूर. आमच्या जुन्या गोडाऊनच्या भिंतीवर 2005 च्या पाण्याची खूण होती. शहाणपणा करून सगळ्यात खालचा रॅक मी तिच्याही वर दोन फूट घेतला होता. वाशिष्ठी नदीने तो शहाणपणा बुडवला. तळाची साडेतीनशे खोकी चिखलात. कागद भिजला की दोन-तीन दिवसांत बुरशी येते, गावात वीज नाही, पंखे लावणार कुठे? ओला कागद गोठवला की बुरशी थांबते, एवढं वाचलेलं होतं. रत्नागिरीत एका मित्राचं मासळीचं शीतगृह आहे. तिसऱ्या दिवशी टेंपो भरून महत्त्वाची ऐंशी खोकी प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिकडे नेली आणि बांगड्यांच्या शेजारी रचली. पुढे दिवाळीपर्यंत थोडी थोडी काढून रद्दी पेपरांत दाबून वाळवली. बॉलपेनची अक्षरं राहिली, शाईची गेली, जांभळे शिक्के पसरले, गुळगुळीत कागद एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली. काही फायलींना आजही बांगड्याचा वास येतो, आणि एका लेखापरीक्षकांनी त्याबद्दल लेखी शेरा मारला आहे.

बाकीच्या दोनशे सत्तर खोक्यांचं काय? आमच्या करारात भरपाईची मर्यादा खोक्यामागे शंभर रुपये. अशी मर्यादा या धंद्यात सगळीकडे असते, पण ती वाचतो कोण! मी ती वाचून दाखवली तेव्हा एक सीए मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. विम्याचंही तसंच. साध्या आगीच्या पॉलिसीत कागदपत्रं वेगळी नमूद केल्याशिवाय धरतच नाहीत, आणि धरली तरी मिळते कोऱ्या कागदाची किंमत आणि पुन्हा लिहून काढायची मजुरी. त्यावर काय लिहिलं होतं त्याला मोल नाही. त्या वर्षी तीन गिऱ्हाइकं गेली. उरलेल्यांनी एक चांगलं केलं, पहिल्यांदाच याद्या मागून घेऊन वाचल्या. आता गोडाऊन चढावर आहे, पाणी तिथे पोचेलसं वाटत नाही. वाटण्यावर मी आता फार विसंबत नाही, म्हणून महत्त्वाच्या स्कॅनची एक प्रत पुण्याला ठेवतो.

राहता राहिलं नष्ट करणं. मध्यंतरी नाक्यावर भजी घेतली, तर पुडीचा कागद कोणाच्या तरी रक्ततपासणीचा निघाला, नाव-वयासकट. त्या दवाखान्याने फाइल रद्दीत घातली असणार, किलोच्या भावाने. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण ती संगणकातल्या माहितीसाठी, नुसत्या कागदासाठी नाही. अर्थात भजीवाल्याला त्याचं काय! आम्ही कागदाचा बारीक चुरा करून तसा दाखला देतो, खोक्याला चाळीस रुपये. एकदाच मिळणारे चाळीस, आणि त्यानंतर ते खोकं मला कधीच काही देत नाही. माझा फायदा ते तिथेच पडून राहण्यात आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तरीही दर एप्रिलला मुदत संपलेल्या खोक्यांची यादी मी सगळ्यांना पाठवतो, खाली सहीसाठी जागा सोडून.

यंदा एका संस्थेची दोनशे बारा खोकी त्या यादीत होती. अध्यक्षांकडे दोनदा गेलो. त्यांनी चहा पाजला, यादी उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "असू देत हो अजून एक वर्ष. कशाला उगाच?" मी म्हटलं, वर्षाचे पंचवीस हजार चारशे चाळीस होतील. ते म्हणाले, "होऊ देत." सहीची जागा कोरी ठेवून यादी परत दिली.

बिल मी पहिल्या तारखेला पाठवलं.