आमची वाटचाल : कॉम्प्रेसरपासून सपोर्ट टीमपर्यंत

आमच्या फर्मची सुरुवात एका जुन्या कॉम्प्रेसरवर झाली. स्कूबा डायव्हरना श्वासाच्या हवेचे सिलिंडर भरून देणे आणि साहित्य भाड्याने देणे एवढाच तेव्हाचा व्यवसाय होता. पुढे हेलियम मिसळून ट्रायमिक्स (खोल पाण्यासाठी ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हेलियम यांचे मिश्रण) करून देण्याची सोय केली आणि ५०-६० मीटर खोल जाणारे टेक्निकल डायव्हर आमच्याकडे येऊ लागले. बचावकार्य ही ज्याची त्याची जबाबदारी आहे, असे आम्ही त्या वेळी खुशाल मानत होतो.

तिसऱ्या वर्षी आमचा हा समज मोडला. ६० मीटरवरून परतताना एका ग्राहकाने ४० मीटरवर गॅस बदलला आणि ३२ टक्के ऑक्सिजनऐवजी ५० टक्क्यांच्या सिलिंडरचा रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतात ते तोंडातले उपकरण) तोंडात घेतला. हा गॅस २१ मीटरच्या खाली वापरायचा नसतो. समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे एक बारने वाढत असल्यामुळे तेथे एकूण दाब ५ बार, तर ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे त्यातला ऑक्सिजनचा वाटा, २.५ बार होता. सर्वसाधारणपणे मानली जाणारी कमाल मर्यादा १.६ बार आहे; त्यापुढे ऑक्सिजन विषारी ठरू शकतो. काही मिनिटांतच त्याला झटके सुरू झाले.

जोडीदाराने त्याचा रेग्युलेटर हाताने तोंडात दाबून धरला आणि झटके ओसरेपर्यंत त्याला वर नेले नाही. तोंडातला रेग्युलेटर निसटला असता, तर मात्र थांबून चालले नसते. जोडीदाराचे स्वतःचे डीकम्प्रेशनचे थांबे (शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून वर येताना घ्यायचे) अजून चाळीस मिनिटांचे शिल्लक होते, म्हणून तो थेट पृष्ठभागावर जाऊ शकत नव्हता. २१ मीटरवर आमचा एक माणूस जादा सिलिंडर दोरीला अडकवायला नुकताच उतरला होता. त्याला असे बंधन नव्हते. त्याने बेशुद्ध ग्राहकाला ताब्यात घेऊन वर नेले. ग्राहकाचे सगळे थांबे चुकले, पण बेंड्सवर, म्हणजे थांबे चुकल्याने होणाऱ्या आजारावर, उपचार होतात, बुडालेल्याला दुसरी संधी मिळत नाही. बोटीवर शंभर टक्के ऑक्सिजन दिला आणि त्याच दिवशी हायपरबेरिक चेंबरमध्ये (वाढीव दाबाच्या उपचार कक्षात) २.८ बार दाबावर उपचार सुरू झाले. तो बरा झाला.

चूक आमचीही होती. त्या सिलिंडरवरच्या पट्टीवरचा कमाल खोलीचा २१ हा आकडा घासून पुसट झाला होता आणि भरताना तो कोणी नव्याने लिहिला नव्हता. शिवाय आमचा माणूस तेथे होता तो निव्वळ योगायोगाने.

त्यानंतर व्यवसायाचे स्वरूपच बदलले. आता प्रत्येक सिलिंडरचे विश्लेषण डायव्हरच्या समक्ष होते आणि कमाल खोली दोन्ही बाजूंना ठळक लिहिली जाते, जेणेकरून गॅस बदलताना जोडीदारालाही ती वाचता यावी. सपोर्ट डायव्हर नसेल, तर ४० मीटरच्या पुढची फेरी आम्ही घेत नाही. चेंबर चालू असल्याची खात्री सकाळी फोनवर करून घेतो. बंद असेल तर बोट सोडत नाही. यामुळे काही जुने ग्राहक दुसरीकडे गेले. त्या दिवशीचा जोडीदार मात्र आज आमच्याकडे बचावाचे प्रशिक्षण देतो आणि पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांच्या हाती ती पुसट पट्टी देऊन त्यांना आकडा वाचायला सांगतो.