रात्रीही उघडी चोच

आत्याचं वाक्य काही डोक्यातून जात नाही. "कोंबड्या पाळल्यास की आयसीयू उघडलंस?" हसतच म्हणाली, मनात वाईट काही नव्हतं. तरी लागलं. लागलं कारण फोन ठेवून मागे गेले तर रात्रीचे दहा, पारा अजून शंभर फॅरनहाइटला चिकटलेला, आणि माझी कोंबडी बफी दांडीवर पंख अंगापासून सुटे धरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत बसलेली. दिवसा तसं बसलेली दिसली तर वाटत नाही काही. रात्री दिसली की प्रश्न पडतो, हे सगळं नेमकं कुणासाठी चाललंय?

इथला, म्हणजे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सचा, उन्हाळा दिवसापेक्षा रात्री नडतो. २०२३ मध्ये ३० जूनपासून पारा सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याच्या वर गेला, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच जुलैत एका रात्री तो ९७ च्या खाली उतरलाच नाही, ते फारसं कुणी बोलत नाही. कोंबडीचं अंगच मुळात १०६-१०७. घाम नाही. उष्णता टाकायची ती तुऱ्यातून, गळ्याखालच्या लोंबत्या कातडीतून, पंखांखालच्या उघड्या अंगातून, आणि धापा टाकून. हवाच अंगाइतकी तापली की धाप तेवढी उरते. दिवसाची उधारी रात्री फिटायला हवी. नाही फिटली तर दुसऱ्या दिवशी व्याजासकट उभी.

म्हणून पश्चिमेच्या ब्लॉकच्या भिंतीला खुराडं टेकवू नये. ती भिंत दिवसभर ऊन पिते आणि मध्यरात्रीपर्यंत ओकत राहते. दोनतीन फूट अंतर हवंच. चारही बाजूंना अर्ध्या इंची वेल्डेड जाळी. ती स्वस्तातली षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, कोयोटीला, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावराला, बाहेर ठेवत नाही. छप्पर माणूस उभा राहील इतकं उंच, आणि त्याच्या फूटभर वर ८० टक्क्यांची शेडनेट, मधून वारा खेळेल अशी. नेट पत्र्यालाच चिकटवली तर सावली मिळते, गारवा नाही.

आज पुन्हा एक बिनकवचाचं अंडं. हातात घेतलं तर नुसती पिशवी, बोट लावलं की खळगा पडतो. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत भरलेला आहेच, पण नुसत्या कॅल्शियमनं भागत नाही. धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड भराभरा बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. दुपारचे काही तास एका भांड्यात लिटरभर पाण्याला चार चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा. शेजारी साधं पाणी ठेवायचंच. मिठाचं पाणी जबरदस्तीनं पाजायची चीज नाही.

आयसीयू म्हणे.

पाण्याचं तर विचारूच नका. एरवी कोंबडीला दिवसाला पाव लिटर पुरतं, या दिवसांत अर्धा लिटर लागतं, आणि गरम झालेलं पाणी ती तोंडी लावत नाही. अंगणातल्या रबरी पाइपमध्ये उन्हात साचलेलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. ते आधी झाडाला सोडायचं, हाताला सोसेल असं झालं की मग भांड्यात. निपलवाले ड्रिंकर इथे कामाचे नाहीत, नळीतलं पाणी तापतं. उथळ, रुंद मातीची परात बरी. त्यात बर्फाची बाटली टाकली की पिता पिता गळ्याखालची कातडीही भिजते. दुसऱ्या परातीत दोन इंच पाणी, नुसतं पाय बुडवून उभं राहायला.

दाणा पहाटे, उन्हं यायच्या आत. नऊ-दहाला भांडं उचलायचं, पुन्हा सूर्य कलल्यावर. पचनाची उष्णता खाल्ल्यानंतर काही तासांनी चढते, ती ऐन दुपारी गाठ पडायला नको. मका उष्ण पडतो असं आत्याही म्हणते आणि इथले लोकही म्हणतात. उष्ण वगैरे काही नाही. उन्हाळ्यात कोंबडी आधीच कमी खाते. त्यात मक्यानं पोट भरलं की प्रथिनं राहून जातात, एवढंच.

जूनमध्ये कोंबडी खुडूक बसली तर मात्र खरी पंचाईत. अंड्यांच्या खोक्यात ती पिसं फुलवून बसते, पाण्यालाही उठत नाही, आणि तिथेच संपू शकते. अंडी दिवसातून तीनदा काढायची. ती रिकाम्या खोक्यातही बसतेच; मग जाळीच्या तळाचा पिंजरा विटांवर उचलून ठेवायचा, खालून हवा लागेल असा, आणि दोनतीन दिवस तिथे, दाणापाणी समोर.

विदर्भात पोल्ट्रीवाले मे महिन्यात बाजूंना ओली गोणपाटं सोडतात, इथे पाण्याचं धुकं उडवणारे फॉगर आणि कूलर. तत्त्व तेच, आणि खोटही तीच: हवा कोरडी आहे तोवरच चालतं. इथे १५ जून ते ३० सप्टेंबर मान्सून म्हणतात. जुलैत हवेत दमटपणा आला की फॉगर नुसता भुस्सा भिजवतो; मग अमोनियाचा वास, माश्या, कॉक्सिडिओसिससारखे आतड्याचे रोग. त्या दिवसांत फॉगर बंद, पंखा चालू. पाणी जड असल्यानं फॉगरची तोंडंही क्षारानं बुजतात, ती रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकायची. आणि कुणी धापांच्या पलीकडे जाऊन मान टाकलीच, तर नळाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून काही मिनिटं धरायचं, डोकं वर. बर्फाचं पाणी नको, कातडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात.

हे सगळं लिहून काढलं तर आत्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मग इथे आयसीयूत कोण नाही? कोलोरॅडो नदीचं पाणी वाळवंटातून कालव्यानं चढवून आणायचं, घरं एसीवर ठेवायची, दुपारी फिरवायचं तर कुत्र्याला बूट घालायचे. कोंबड्यांनी तेवढं बिनयंत्राचं राहावं, असं का? विंचू खातील म्हणून पाळा, असा सल्ला देणारेही आहेत. विंचू रात्री निघतात, कोंबड्या संध्याकाळीच झोपतात. त्यांची भेट व्हायची कधी? विजेच्या बिलाबद्दल आज लिहीत नाही.

प्रश्न कोंबड्यांचा नाही, बफीचा आहे. ती ऑर्पिंग्टन जातीची, साडेतीन किलोची, पिसांनी गच्च, तुरा बेताचा. शेजारी लेगहॉर्न दोन किलोची, मोठा लालभडक तुरा, ती ११० ला सावलीत माती उकरत असते. अ‍ॅरिझोनाच्या २०२४ च्या कायद्यानं अर्ध्या एकरापर्यंतच्या घराला मागच्या अंगणात सहापर्यंत कोंबड्या ठेवता येतात. त्या सहांतली एक जागा अशा जातीला देणं हौस आहे, दुसरं काही नाही. हौस कुणाची, ते ह्यांना विचारायला नको.

ताई राहते ते फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर आहे, गार. बफीला ती कधीची मागतेय. पहाटे चारला निघायचं, जाळीचा पिंजरा मागच्या सीटवर, गाडी आधीच गार करून, पाणी वाटेत थांबून पाजायचं. ताई सोबत लेगहॉर्नही मागेल. ती द्यायची नाही; तिकडच्या हिवाळ्यात एवढा तुरा गारठून काळा पडतो.