पैसे मोजूनही फाईल मिळेना

बाबा गोव्यात मार्दोळला म्हाळसेच्या देवळात भजनाला हार्मोनियमची साथ करतात. त्यांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या आवडत्या गायिकेच्या मैफलीचं नवं ध्वनिमुद्रण द्यायचं मी ठरवलं, तेही फ्लॅक या प्रकारच्या फाईलींमध्ये. एमपी-थ्री करताना आवाजातला काही भाग कायमचा गाळला जातो. फ्लॅकमध्ये फाईल लहान होते, पण काहीच हरवत नाही. तंबोऱ्याच्या जवारीवर, त्या झणकारत्या गुंजनावर, जीव असलेल्या माणसाला गाळलेलं गाणं कसं द्यायचं?

ऑनलाईन दुकानात नऊशे रुपये भरले. ते लगेच कापले गेले आणि मग पाटी झळकली: फाईल उतरवायला आमचं ॲप घ्या. ॲप फक्त विंडोज आणि मॅकसाठी. मी नऊ वर्षं विंडोजऐवजी लिनक्स मिंट वापरतो. लिनक्सवर विंडोजची ॲप चालवणाऱ्या 'वाईन' या प्रोग्रॅममधून ॲप चालवून पाहिलं, तर लॉगिनची खिडकी पांढरीफटक. ग्राहकसेवेचं उत्तर आलं, 'दुसऱ्या कॉम्प्युटरवर करून पाहा.' फ्लॅक २००१पासून सगळ्यांना खुलं आहे, माझ्या मिंटवर ते सहज वाजतं. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या वेबसाइटवर तर पैसे दिले की ब्राउझरमधूनच फ्लॅक उतरतं, ॲप लागतच नाही. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं. मला हवी ती मैफल तेवढी तिथे नव्हती.

शेवटी भर पावसात फोंड्याला चुलतभावाकडे गेलो, त्याच्या विंडोज लॅपटॉपवर फाईली उतरवल्या आणि पेनड्राईव्हवर घरी आणल्या. स्पेकमध्ये उघडल्या. स्पेक आवाजाचं चित्र काढतं, खाली खर्ज, वर बारीक झणकार. सगळ्या ट्रॅकचं चित्र १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखं सपाट, त्याच्या वर नुसता काळोख. सीडीत २२पर्यंत जागा असते. म्हणजे वरचा भाग गाळलेली एमपी-थ्रीच फ्लॅक म्हणून विकली होती, असंच मला वाटतं. फुकट उतरवणाऱ्याला असला त्रास नसतो. मी पैसे मोजले, म्हणून फार लागलं.

मग त्याच मैफलीची सीडी मुंबईहून मागवली आणि सीडीपॅरानोया या प्रोग्रॅमने तिच्यातून स्वतः फाईली काढल्या. या वेळी चित्र १६च्या बरंच वर जात होतं, तंबोऱ्याच्या बारीक रेघा अगदी स्पष्ट. दोन्ही चित्रं जोडून दुकानाकडे पैसे परत मागितलेत.

रविवारी सकाळी बाबांना हेडफोन लावून दिला. डोळे मिटून ते मिनिटभर नुसता तंबोरा ऐकत राहिले. मग म्हणाले, "पंचम किंचित उतरलाय रे."