दहावीला सुटलेला दोर

जर्मनीतल्या पहिल्या हिवाळ्यात मी घराजवळच्या एका जिममध्ये नाव घातलं. पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "टॉवेल?" मी घाम पुसायचा नॅपकिन दाखवला. तो चालत नाही म्हणाली. यंत्राला जिथे जिथे अंग टेकतं तिथे मोठा टॉवेल अंथरायचा, आणि बाहेरचे बूट आत आणायचे नाहीत. मला घरी परत जावं लागलं. पण नियम मनापासून पटला. आपणही तालमीच्या दारात चपला काढूनच मातीत पाय ठेवतो.

बाकी जिम इथून तिथून सारखीच. आरसे, ट्रेडमिल, प्रत्येकाच्या कानात आपापली गाणी. स्त्रीपुरुष एकत्र, अंगावर कपडा न ठेवता बसतात त्या सौनाची गोष्ट मात्र वेगळी. तिकडे मी अजून गेलेले नाही.

खरा फरक कळला तो खालच्या मजल्यावरच्या आजींमुळे. त्या ७४ वर्षांच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना औषधासारखा व्यायाम लिहून दिला. १८ महिन्यांत ५० तास, खर्च आरोग्य विम्याचा. इथे त्याला 'रेहास्पोर्ट' म्हणतात. कुठे जाता, असं मी विचारलं, तर त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "कुठे म्हणजे? फेराइनमध्ये. सहा वर्षांची होते तेव्हापासून तिथेच जाते."

फेराइन म्हणजे रीतसर नोंदणी झालेलं मंडळ. सभासद, वार्षिक सभा, खजिनदार, सगळं आपल्या गणेश मंडळासारखं. स्टुटगार्टजवळच्या आमच्या छोट्या गावातही एक आहे. शाळेला नको असेल तेव्हा शाळेचाच हॉल त्याला मिळतो. दुपारी आईबापांचं बोट धरून आलेली दोन वर्षांची पोरं, मग शाळकरी मुलं, रात्री आठला नोकरदार, आणि सकाळी आजींचा गट. शिकवणारे बहुतेक गावातलेच, नाममात्र मानधनावर. म्हणूनच ते कमीही पडतात. माझ्या मुलाचं नाव आठ महिने प्रतीक्षायादीत होतं. पण वर्षाची वर्गणी जिमच्या तीन महिन्यांच्या फीइतकीच, आणि ऑफिसात 'अहो-जाहो' करणारी माणसं इथे सरळ 'अरे-तुरे'वर येतात.

या सगळ्याचं मूळ बर्लिनमध्ये आहे. फ्रीडरिश लुडविग यान यांनी १८११ मध्ये हासेनहायडे इथे उघड्यावर आखाडा सुरू केला. पॅरलल बार रूढ झाले ते त्यांच्यामुळे. तरुण एकत्र जमतात म्हणजे राजकारण शिजतं, या भीतीने प्रशियाच्या सरकारने १८२० ते १८४२ अशी त्यावर बंदीच घातली. ती उठल्यावर गावोगावी मंडळं उभी राहिली. फुटबॉलवाल्यांना '१८६० म्युनिक' माहीत असेल. त्या नावातलं साल आहे ते व्यायाम मंडळाच्या स्थापनेचं.

हे वाचलं तेव्हा बाळंभटदादा देवधर आठवले. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी राहून त्यांनी मल्लखांबाला नव्याने उभं केलं, तेही साधारण त्याच काळात. मी अमरावतीची. आमच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला जाऊन मल्लखांब आणि देशी कसरती दाखवून आला होता. बाबा हे इतक्या वेळा सांगायचे, की बर्लिन हे गाव मला आधी मल्लखांबामुळेच माहीत झालं.

मी स्वतः दोरीचा मल्लखांब करायचे. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरायचा, अढी घालायची आणि वर सरकायचं. त्या बेचक्यातली कातडी सोलून निघायची. आई रात्री खोबरेल लावायची. मग दहावी आली. "एवढं वर्ष बंद ठेव," असं घरचे म्हणाले. त्यानंतर बारावी, मग इंजिनिअरिंग. माझ्याबरोबरच्या सात-आठ मुलींपैकी एकही परत गेली नाही. याचं मला आज फार वाईट वाटतं. व्यायाम आपल्याला नकोसा नव्हता. पण तो लहानपणी करायचा किंवा स्पर्धेसाठी करायचा, आणि नंतर थेट शुगर निघाल्यावर, असं आपल्याकडे ठरून गेलंय. मधल्या तीस वर्षांत जायला जागाच नाही, बायकांना तर नाहीच.

इथे ती जागा आहे. 'श्पोर्टआबत्साइखन' नावाची एक सरकारमान्य चाचणी १९१३ पासून चालत आली आहे. दम, ताकद, वेग, अंगाचा ताळमेळ, शिवाय पोहता येतं याचा दाखला. प्रत्येक वयाचं कोष्टक वेगळं, पदक ब्राँझ, रौप्य किंवा सुवर्ण. आजींकडे त्यांच्या वयातलं सुवर्ण आहे.

मागच्या मंगळवारी फेराइनमधल्या आमच्या गटाचा तास संपला. गाद्या सगळ्यांनी मिळून ढकलत आत ठेवल्या; ते काम कुणाला चुकत नाही. छताला चढायचे जाड दोर टांगलेले होते. मी बूटमोजे काढले आणि एक दोर बेचक्यात धरला. आपल्या दोराच्या दुप्पट जाड, काथ्यासारखा खरबरीत, नीट बसेना. तरी तीन हात वर गेले, पाय गुंडाळला आणि अढी बसली. हात सोडले. खाली उभ्या बाईंनी विचारलं, "हे काय होतं? पुन्हा कर, मला बघायचंय."

अंगठ्याजवळची कातडी आज तशीच सोलली आहे. या मंगळवारी जरा बारीक, सुती दोर मिळतो का ते बघणार आहे.