बाबांचं कानाचं मशीन

मी तूप मागितलं आणि बाबांनी पडवीतून सूप आणून दिलं. आई हसली, बाबाही हसले, पण रात्री मला ते आठवत राहिलं. वर्षभरात आईचा आवाज चढत चालला होता आणि बाबांचं बोलणं आटत चाललं होतं. विचारलं की ठरलेलं उत्तर, "माका ऐकाक येता गो. तुमीच तोंडातल्या तोंडात बोलतास."

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा बाबांचा "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या मागून यायला लागला होता. शेजारच्यांची तोंडं हललेली बघून ते म्हणत होते.

घरात मशीन नव्हतं असं नाही. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात फुकट मिळालेलं कपाटात पडून होतं. नाव पुकारलं, डबा हातात दिला, सही घेतली, झालं. कानात घातलं की शीळ वाजायची, भांडं पडलं तर कपाळात जायचं. चार दिवसांत बाबांनी ते काढून ठेवलं. म्हणून डोंबिवलीचा दादा ठाम होता, "फुकटचं ते फुकटचंच. चांगलं प्रायव्हेट घेऊ, पैसे मी देतो." त्याच्यासोबत शहरातल्या एका दुकानात गेलो. एका कानाचे 14 हजारांपासून सव्वा लाखापर्यंत. दहा मिनिटांत मोबाइलवर काहीतरी जुळवून त्यांनी मशीन कानात बसवलं आणि ब्लूटूथबद्दल सांगत राहिले. बाबा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले, ईपीएस-95 ची तुटपुंजी पेन्शन. बाहेर आल्यावर म्हणाले, "लाख रुपये कानात घालून मी खय जावचो?"

मग मी दोघांचंही ऐकणं थांबवलं आणि बाबांना कुडाळला घेऊन गेले. आधी कान-नाक-घसा डॉक्टर. डाव्या कानात मळाचा खडाच होता, तो निघाला. (मशीनच्या चौकशीआधी हे करून घ्या, कृपा करून.) मग ऑडिओलॉजिस्टताई, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन जुळवून देणाऱ्या. त्यांनी बाबांना बंद खोलीत बसवून 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे आवाज एकेक करून ऐकवले आणि आलेख काढला. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. दोन्ही रेषा डावीकडे वर आणि उजवीकडे जाताना खाली खाली. बाबांनी कागद हातात घेतला, बघितला आणि म्हणाले, "ह्यो तर करूळ घाट." मालवण-कोल्हापूर गाडी त्यांनी किती वर्षं त्या घाटातून नेली. जुन्या गाड्यांचं इंजिन केबिनमध्येच, चालकाच्या डाव्या हाताला. डावा कान जास्त गेलाय तो त्यामुळेच, असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणाल्या, वयही आहे आणि आवाजही.

त्या आलेखाने मला तुपाचं सूप का झालं ते कळलं. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जातं. अ, आ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. त, थ, स, श, फ यांचा जोर वरच्या पट्टीत, ते निसटतात. बाबांच्या कानात "ऊप" पोचलं होतं, पुढचं अक्षर त्यांनी अंदाजाने लावलं. आई ओरडून बोलायची तेव्हा स्वरच मोठे व्हायचे, हरवलेलं अक्षर हरवलेलंच. "ऐकू येतं पण कळत नाही" ही बाबांची तक्रार शब्दशः खरी होती आणि आम्ही तिला हट्ट म्हणत होतो. याचं मला फार वाईट वाटलं.

आईने पिशवीत ते शिबिराचं मशीनही टाकलं होतं. ताईंनी ते पुसलं, सेल घालून स्वतःच्या कानाला लावून बघितलं. "मशीन चालू आहे. कानात बसलंच नाहीये." सोबत आलेलं रबरी टोक बाबांच्या कानाला ढिलं होतं. फटीतून बाहेर आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, तीच शीळ. त्यांनी कानात दोरा बांधलेला कापूस ठेवला, त्यावर गुलाबी लगदा भरून माप घेतलं. आठ दिवसांनी बाबांच्या कानाचा साचा तयार होऊन आला. मशीनच्या पाठीवर दोन बारीक स्क्रू होते, ते आलेख समोर ठेवून फिरवले. साच्यासकट सगळा खर्च हजाराच्या आसपास. घरी येताना एसटीत शेजारच्या बाईने प्लास्टिकची पिशवी चुरगाळली तर बाबा दचकले.

दोन महिने ते हेच वापरत होते. घरात, ओटीवर, एका माणसाशी बोलताना छान. मासळी बाजारात किंवा लग्नात मात्र सगळा एकच कालवा, कारण दोन स्क्रूंनी घाटाचं प्रत्येक वळण घेता येत नाही. तेव्हा ताईंनी आठ चॅनलचं, म्हणजे आवाजाच्या आठ पट्ट्या वेगवेगळ्या जुळवता येणारं, मशीन लावून बाबांना कुडाळच्या स्टँडवर फिरून यायला सांगितलं. अर्ध्या तासाने बाबा परत आले ते कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगत. तेच घेतलं, 26 हजारांना. उजव्या कानाला घेतलं, कारण शब्द ओळखायच्या चाचणीत तो कान चांगला निघाला. पहिल्या वर्षातल्या पाच भेटी त्यातच धरलेल्या. दादाला सांगितलं, शहरातल्या दुकानात तीन तास जायला आणि तीन यायला, पहिल्या महिन्यात चार वेळा कोण नेणार? त्यालाही ते पटलं.

चार्जिंगचं मशीन दहा हजार महाग होतं, दादाला तेच हवं होतं. मी नको म्हटलं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. सेलचं मशीन अशा वेळी बंद पडत नाही. 13 नंबरचा सेल, नारिंगी टिकलीचा. टिकली सोलली की हवा लागून तो जागा होतो, मिनिटभर थांबून मग मशीनमध्ये घालायचा. टिकली परत चिकटवून उपयोग नाही. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत, सेलचं दार उघडं ठेवून. खारी हवा आणि घाम यांच्यापुढे हेही पुरलं नाही. जुलैत मशीन बंद पडलं, दुरुस्तीला मुंबईला गेलं आणि तीन आठवडे बाबा त्या फुकटच्या मशीनवर राहिले. ते टाकून दिलं असतं तर?

आणखी कोणाच्या घरी हा प्रश्न असेल म्हणून योजनांचं लिहिते. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत मशीन मिळतं, पण उत्पन्नाची अट आहे आणि 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. 2016 च्या कायद्यानुसार दोन्ही कानांत किमान 60 डेसिबल तूट हवी. बाबांचा उजवा 52, डावा 58. दोन हातांवरून बोललेलं न ऐकणारा माणूस कागदावर ऐकू येणारा ठरतो. 1 एप्रिल 2017 ला सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना गरीब घरातल्या साठीपुढच्यांसाठी आहे, तिथे हा दाखला लागत नाही. साहित्य कानपूरची ॲलिम्को ही सरकारी कंपनी देते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांपुढच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, एकदाच 3000 रुपये खात्यात येतात. तेवढ्यात डिजिटल मशीन येत नाही, पण साचा आणि वर्षाचे सेल येतात. आणि मुंबईत कोणी असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, 1983 पासूनची सरकारी. तिथे कानाची पूर्ण तपासणी होते, साचेही बनतात.

फुकटचं मिळत असेल तर जरूर घ्या. फक्त ते घेऊन घरी जाऊ नका, आधी ऑडिओलॉजिस्टकडे जा. विकत घेणार असाल तर मशीनच्या आधी माणूस बघा, जो तुमच्या एसटीच्या टप्प्यात बसतो.

देवळात अजून त्रास होतो. ढोल, घंटा आणि माणसं एकदम असली की हेही मशीन गोंधळतं. बाबा आता गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या अगदी शेजारी उभे राहतात. पूर्वी संकोचाने मागे खांबाला टेकायचे.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ते सोललेली नारिंगी टिकली त्या त्या तारखेवर चिकटवतात, सेल किती दिवस गेला ते कळावं म्हणून. दहा-अकरा दिवस जातो. काल नवी टिकली चिकटवताना माझ्याकडे न बघताच विचारलं, "दुसऱ्या कानाक किती खर्च येता गो?"