सान्तो स्तेफानो ते रोक्का कालाशो : ‘तासाभराची सोपी वाट’ प्रत्यक्षात कशी आहे

इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातल्या सान्तो स्तेफानो दी सेसानियो या डोंगरी गावाविषयी जे काही वाचायला मिळते, त्यात दोन विधाने हमखास असतात. गाव मध्ययुगात गोठून राहिले आहे हे एक, आणि तिथून रोक्का कालाशोच्या किल्ल्यापर्यंत रमतगमत तासाभरात चालत जाता येते हे दुसरे. दोन्ही दिशाभूल करणारी आहेत. पहिल्यामुळे फारसे बिघडत नाही, दुसऱ्यामुळे मात्र जुलैच्या दुपारी चांगलेच बिघडते.

रोमच्या तिबुर्तिना स्थानकाजवळून लाक्विला शहरापर्यंतचा बसप्रवास सुखाचा आहे. खरा प्रश्न त्यापुढच्या तीसेक किलोमीटरचा. गावाकडे जाणाऱ्या बस मोजक्या आहेत आणि सुटीच्या दिवशी त्यांच्यावर विसंबू नये. आम्ही लाक्विलाहून भाड्याची गाडी केली. साठ युरो ठरले होते. गावात उतरल्यावर सामानाचे, घाटरस्त्याचे आणि रिकामे परतण्याचे असे पोटभाग सांगून नव्वद मागण्यात आले आणि हुज्जत घालूनही त्यातला एक युरो कमी झाला नाही. त्यामुळे भाडे ठरवताना एकूण रक्कम, सामान धरून, संदेशात लिहून घ्यावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे रोममध्येच स्वतः चालवायची गाडी घेणे. मात्र भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घरून काढून न्यावा लागतो, तो तिकडे मिळत नाही.

आता त्या वाटेविषयी. सान्तो स्तेफानो साधारण 1250 मीटरवर आहे आणि किल्ला 1460 मीटरवर, त्यामुळे कागदावर चढ किरकोळ दिसतो. अंतर एका बाजूने चार-पाच किलोमीटर. सह्याद्रीत नियमित चालणाऱ्या माणसाचे पाय इथे दुखणार नाहीत. त्रास होतो तो उघडेपणाचा. गाव मागे पडल्यावर चुनखडीचा पांढरा डोंगर, खुरटे गवत आणि पायाखाली सरकणारी खडी एवढेच उरते. सावलीला टेकावे असे झाड नाही, वाटेत भरवशाचे पाणी नाही आणि त्या पांढऱ्या दगडावरून परतणारे ऊन थेट डोळ्यांत जाते. माणशी दोन लिटर पाणी गावातूनच भरून घ्यावे. उन्हाळ्यात दुपारनंतर ग्रान सास्सो या उंच पर्वताच्या बाजूने ढग चढतात आणि गडगडाट सुरू झाला की उघड्या धारेवर आडोसा म्हणून काहीही सापडत नाही. आम्ही परतत असताना नेमके हेच झाले.

त्यातच कुत्रे. या डोंगरांवर आजही मेंढरांचे कळप चरतात आणि लांडग्यांपासून त्यांची राखण पांढऱ्या, धिप्पाड, दाट केसांच्या कुत्र्यांकडे असते. ते पाळीव असले तरी लाडावलेले नाहीत; कळपाजवळ येणारा प्रत्येक अनोळखी माणूस त्यांच्या लेखी संशयित असतो. कळप आणि कुत्रा यांच्या मधून कधीही जाऊ नये, पळू नये, काठी किंवा दगड उगारू नये. थांबावे, शांतपणे मागे सरकावे आणि पुष्कळ लांबून वळसा घालावा. आम्हाला असा वळसा काट्याकुट्यांतून घालावा लागला आणि त्यात बराच वेळ गेला, म्हणून ‘तासाभराची वाट’ हे शब्द वाचले की अजूनही राग येतो. ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी वाहनाने किल्ल्याखालचे कालाशो गाव गाठून किल्ला पाहावा आणि तिथून सान्तो स्तेफानोकडे उतरत चालावे. तेही सकाळी. गर्दीच्या दिवसांत खासगी गाड्यांना किल्ल्यापर्यंत सोडत नाहीत, खालून ये-जा करणारी लहान बस असते, तिची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवावी.

किल्ला मात्र या सगळ्या मनस्तापाच्या मोलाचा आहे, हे कबूल करणे भाग आहे. मुळात इथे टेहळणीचा एकच बुरूज होता. त्याभोवतीची तटबंदी आणि कोपऱ्यांवरचे चार गोल बुरूज पंधराव्या शतकात पिक्कोलोमिनी घराण्याच्या काळात उभे राहिले. येथून मेंढरांच्या वाटांवर नजर राहत असे, आणि या मुलखाची सारी संपत्ती त्या वाटांवरूनच चालत होती. 1703च्या भूकंपाने किल्ल्याखालची वस्ती मोडली आणि उरलेले बहुतेक लोक कालाशोला उतरले. जवळच सान्ता मारिया देल्ला पिएता हे अष्टकोनी चर्च एकटे उभे आहे. छायाचित्रांत दिसते त्याहूनही ते अधिक देखणे आहे.

सान्तो स्तेफानोचा इतिहास म्हणजे लोकरीचा इतिहास. 1579मध्ये फ्रान्चेस्को दे मेदिची याने हा परिसर विकत घेतला आणि 1743पर्यंत तो त्या घराण्याकडे राहिला. फ्लोरेन्सच्या श्रीमंतांना या थंड, नापीक डोंगरात रस कशासाठी, तर इथल्या ‘कारफान्या’ नावाच्या जाड, गडद लोकरीसाठी, जिचा उपयोग सैनिकांचे गणवेश आणि भिक्षूंचे झगे यांसाठी होई. गावाच्या वेशीवर मेदिचींचे राजचिन्ह अजून आहे. थंडीत कळप लाक्विलाहून फोज्जा शहरापर्यंत, मेंढरांसाठीच्या सुमारे 244 किलोमीटरच्या राजमार्गाने, दक्षिणेकडच्या आपुलिया प्रांताच्या मैदानात उतरत. ती सारी व्यवस्था 1447पासून नेपल्सच्या राजसत्तेच्या जकात खात्याच्या हाती होती. एकोणिसाव्या शतकात मैदानातली कुरणे खासगी मालकीची झाली, नांगराखाली गेली, आणि डोंगरातली गावे ओस पडू लागली. गाव ‘जसेच्या तसे’ राहिले याचे कारण हे दारिद्र्य आहे, जतनाची हौस नव्हे.

ही हौस नंतर आली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॅनिएले किलग्रेन या उद्योजकाने येथील पडकी घरे घेऊन ती गावभर विखुरलेल्या खोल्यांचे एक हॉटेल म्हणून उभी केली. तेव्हापासून इटलीत ज्याला त्याला हा नमुना हवा आहे. तिथे राहणे महागडे आहे. साध्या खोल्याही गावात मिळतात आणि भिंती त्याच जुन्या दगडांच्या असतात. 6 एप्रिल 2009च्या भूकंपात गावाची ओळख असलेला गोल मनोरा कोसळला. जुन्या दुरुस्तीत त्याच्या माथ्यावर घातलेले काँक्रीटचे ओझे त्याला भोवले, असे सांगितले जाते. आज दिसतो तो पुन्हा बांधलेला आहे, आणि ‘मध्ययुगीन’ म्हणून त्याचे छायाचित्र काढणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

इथली मसूर अगदी बारीक, काळसर तपकिरी, भिजत न घालताही शिजणारी आणि खरोखर चविष्ट आहे. पण पीक थोडे आणि गिऱ्हाईक फार, त्यामुळे चौकातल्या प्रत्येक पिशवीतला माल इथलाच असेल असे नाही. पिकवणाऱ्याचे नाव आणि गाव छापलेले नसेल तर घेऊ नये. शाकाहारी मंडळींनी मसुरीच्या सूपमध्ये डुकराची चरबी आहे का हे आधी विचारावे. बाकी बहुतेक पदार्थ मेंढीच्या मांसाचेच असतात.

कॅम्पो इम्पेरातोरेच्या विस्तीर्ण पठारावरचा दिवस छान गेला, अडचण काही आली नाही. मुसोलिनीला 1943मध्ये जिथे डांबून ठेवले होते आणि जिथून जर्मनांनी त्याला विमानाने पळवले, ते हॉटेल आम्ही गेलो तेव्हा बाहेरून पाहण्यापुरतेच होते. पठारावरचा वरचा रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो, त्यामुळे मेअखेर ते मध्य जून किंवा सप्टेंबर हेच दिवस धरावेत, आणि ऑगस्टचा मधला आठवडा, जेव्हा सारी इटली सुटीवर निघते, तो पूर्ण टाळावा.