गरीब गायीची तलवारबाजी

शनिवार, रात्री साडेदहा

गंगापूर धरणातून पाणी सोडलंय आणि नाशिकच्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडालाय, असं सकाळपासून तिघांनी तीन फोटो पाठवून कळवलं. त्यातला एक गेल्या वर्षीचा होता. भाच्याला गोदाघाटावर पूर दाखवायला नेईन असं कबूल करून बसले होते, पण आईने दारातच अडवलं. राहायला आलेल्या १३ वर्षांच्या पोराचं दिवसभर करायचं काय? शेवटी लॅपटॉप उघडून त्याला 'मंकी आयलंड' हा जुना गेम लावून दिला.

"कशावर आहे?"

"समुद्री चाच्यांवर."

"कोणाचे चाचा?"

इंग्रजी माध्यम. काका नव्हे, समुद्रावरचे लुटारू, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. इंग्रज आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हणायचे हे सांगितल्यावर त्याचा लगेच प्रश्न, मग ते गेममध्ये आहेत का? नाहीत रे बाबा. ही सगळी कॅरिबियन समुद्रातली मंडळी.

खेळ १९९०चा. लुकासफिल्म गेम्समध्ये रॉन गिल्बर्टने टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांच्यासोबत केलेला. मी लावून दिला तो २००९ मध्ये नव्याने रंगवलेला. त्यात एफ-१० दाबलं की चित्रं जुनी होतात, ठोकळ्याठोकळ्यांची. भाच्याने दाबून पाहिलं, "ईऽऽ" केलं आणि परत नवीनवर गेला. मी मात्र तो उठून पाणी प्यायला गेला की हळूच दाबून बघत होते.

कारण आमच्याकडे होता तो ठोकळ्यांचा. दादाने कुठूनशा फ्लॉप्या आणल्या होत्या. चोरून कॉपी करू नये म्हणून मूळ खेळासोबत पुठ्ठ्याची दोन गोल चकत्यांची चकती यायची. ती फिरवून चाच्याचा अर्धा चेहरा वरचा, अर्धा खालचा जुळवायचा आणि खिडकीत दिसेल ते साल टाइप करायचं. आमच्याकडे त्या चकतीची झेरॉक्स होती, मधोमध टाचणी टोचलेली. चाच्यांचा गेम चाचेगिरी करून खेळत होतो, यातला विनोद तेव्हा दोघांपैकी एकाच्याही लक्षात आला नाही.

नायकाचं नाव गायब्रश थ्रीपवूड. बोटीचा पत्ता नाही, अंगात ताकद नाही, पण चाचा व्हायचंय. त्याला एकच गोष्ट येते, १० मिनिटं श्वास रोखून धरता येतो. एकदा त्याला जड मूर्तीला बांधून पाण्यात टाकतात. आजूबाजूला तलवारी, सुऱ्या पडलेल्या, पण दोरीमुळे एकीपर्यंतही हात पोचत नाही. आम्ही दोन संध्याकाळी त्या सुऱ्यांच्या मागे घालवल्या. उत्तर काय, तर मूर्तीच उचलायची आणि चालत वर यायचं! या खेळात सहसा कोणी मरत नाही, पण इथे खरंच १० मिनिटं काही केलं नाही तर तो मरतो. दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती १० मिनिटं काढली होती. बिचारा हिरवा पडला, आणि खाली जिथे 'उचल', 'ढकल', 'बोल' असे शब्द असतात तिथे 'तरंग', 'फुग', 'सड' असले शब्द आले. आम्ही इतके हसलो की आईला वाटलं काहीतरी फोडलं.

रविवार, दुपार

पोरगं पुलावरच्या राक्षसापाशी अडकलंय. त्याला हवंय काहीतरी लक्ष वेधून घेणारं, पण बिनमहत्त्वाचं. उत्तर आहे एक लाल मासा, कारण इंग्रजीत दिशाभूल करणाऱ्या गोष्टीला 'रेड हेरिंग' असं त्या माशाचंच नाव आहे. आम्ही लहानपणी पिशवीतली एकेक वस्तू त्याच्यापुढे धरत गेलो, माशाला तो बाजूला झाला, आम्ही पूल ओलांडला. त्यात विनोद होता हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

दुसऱ्या भागात (१९९१) तर याहून कहर. एक नळ फिरवायला पाना लागतो. इंग्रजीत त्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात, म्हणजे नावातच माकड, म्हणून खिशात चक्क जिवंत माकड घालून न्यायचं. सातपूरच्या कारखान्यात जन्म काढलेल्या आमच्या बाबांना दादाने तेव्हा विचारलं होतं. ते म्हणाले, "पाना म्हणजे पाना. माकड कुठून आलं?"

रविवार, रात्र

आज खरी मजा आली ती तलवारबाजीत. तिथे तलवार नुसती नावाला, खरी लढाई जिभेची. समोरचा टोमणा मारतो, चोख उत्तर दिलं की आपली सरशी. उत्तर येत नसेल तर मागे हटा, हरा, पण तो टोमणा पाठ होतो. मग तोच दुसऱ्या चाच्यावर टाकायचा, त्याला उत्तर येत असेल तर तेही आपलं. म्हणजे आधी भरपूर ऐकून घ्यावं लागतं. शेवटी तलवारबाजीतली उस्ताद कार्ला समोर येते आणि तिचे टोमणेच वेगळे. उत्तरं मात्र तीच जुनी, आपण जुळवायची.

एक चाचा म्हणतो, तू गवळ्यासारखा लढतोस. उत्तर: बरोबरच आहे, तू गायीसारखा लढतोस. हे आपल्याकडे जास्त लागतं, आपल्याकडे गाय म्हटली की गरीबच. मग तेच उत्तर कार्लाला द्यायचं, जेव्हा ती म्हणते की तुझं रक्त गायीचं दूध काढावं तसं थेंब थेंब काढीन. मी मराठीत करून दाखवलं, "तुझ्या रक्ताची धार काढीन!" आणि म्हणता म्हणताच माझी ट्यूब पेटली. धार तलवारीची आणि धार गायीची! इंग्रजीत ही सोय नाही. मी एकटीच खूश.

भाच्याला धार काढणं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. लसूण सोलत बसलेल्या आईने, निफाडच्या गोठ्यात वाढलेल्या, मान वर न करता सांगितलं, "धार काढायची तर आधी गाईनं जवळ उभं राहू द्यावं लागतं."

आम्ही दोघं गप्प. भाच्याने वहीत लिहून घेतलं.

मला उत्तर नेहमी उशिरा सुचतं. गेल्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्सचा आकडा जुळत नाही म्हटलं, तर वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हाला हिशेबातलं काय कळतं, मॅडम?" २० वर्षं लोकांचे हिशेब लिहून पोट भरतेय मी. तोंडातून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारका चौकात रिक्षा अडकली तेव्हा सुचलं, "कळण्यासारखं काही लिहिलं असतं तर कळलं असतं." रिक्षावाल्याला सांगून काय उपयोग?

मंगळवार

काल खेळ संपला. बेटावरच्या माकडाला केळी दिली की ते मागे मागे येतं आणि फाटक उघडायला मदत करतं. भाच्याला हे अजिबात पटलं नाही. वणीच्या गडावरची माकडं केळी घेतात, पिशवी घेतात आणि जातात.

आज त्याला बसस्टँडवर सोडायला निघाले. लिफ्टमध्ये नेमके तेच गृहस्थ. उत्तर महिनाभर जिभेवर तयार होतं. ते हसून म्हणाले, "पाऊस काही थांबत नाही, नाही का मॅडम?"

मी म्हटलं, "हो ना."

ते पार्किंगकडे वळले. भाचा बॅग खांद्यावर घेत पुटपुटला, "गरीब गाय."